सम आणि विषम : एका ग्रंथालयाची वाटणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



ग्रंथालय ही कोणाची मालमत्ता, हा प्रश्न कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात विचारण्याजोगा आहे, असे वरवर पाहता वाटणार नाही. जमीन कोणाची, गिरणी कोणाची, पाणी कोणाचे हे प्रश्न चळवळीने विचारले आणि त्यांपायी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. ग्रंथांच्या मालकीचा प्रश्न मात्र विद्वानांकडे सोपवून चळवळ पुढे गेली. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा इतिहास पाहिला, तर ही सोपवणूक परवडणारी नाही हे ध्यानात येईल. विसाव्या शतकात हे ग्रंथालय दोनदा जळाले आणि एकदा वाटले गेले. जाळणारे परके होते, शत्रू होते. वाटणारे घरचेच होते आणि त्यांच्यातील एका पक्षाची मूळ मागणी पूर्णपणे न्याय्य होती. म्हणूनच आगीपेक्षा या वाटणीचा विचार आज अधिक करावा लागतो.

ल्यूव्हेन हे ब्रुसेल्सच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवरचे शहर. डच भाषक त्याला ल्यूव्हेन म्हणतात, फ्रेंच भाषक लूव्हँ म्हणतात. भांडणाचे बीज नावातच आहे. मध्ययुगात येथे कापडाचा मोठा व्यापार होता. १३१७ साली कापड व्यापाऱ्यांनी बाजारासाठी एक दगडी वास्तू उभारावयास घेतली. पुढे व्यापार ओसरला, शहराला कळा राहिली नाही. १४२५ साली पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने येथे विद्यापीठ स्थापन झाले आणि काही वर्षांतच कापडबाजाराच्या त्या वास्तूत त्याचा कारभार सुरू झाला. विणकऱ्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या संपत्तीच्या भिंतींआड असे विद्येचे घर झाले. पुष्कळ विद्यापीठांची कुळकथा अशीच असते. ती सांगितली मात्र क्वचितच जाते.

या विद्यापीठाने युरोपच्या विचारविश्वाला मोठी माणसे दिली. इरॅस्मस येथे वावरले. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीन भाषांच्या अध्ययनासाठी १५१७ साली निघालेल्या महाविद्यालयामागे त्यांची प्रेरणा होती. नकाशाशास्त्री मर्केटर आणि शरीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस येथे शिकले. समाजवादी कार्यकर्त्याने विशेष लक्षात ठेवावी अशीही एक गोष्ट आहे. खाजगी मालमत्ता नसलेल्या समाजाचे चित्र रेखाटणारा टॉमस मोर यांचा 'युटोपिया' हा ग्रंथ १५१६ साली प्रथम छापला गेला, तो याच शहरात, डर्क मार्टेन्स यांच्या छापखान्यात. ज्या शहराने मालकीविरहित समाजाची कल्पना जगापुढे प्रथम छापून ठेवली, त्याच शहरात साडेचारशे वर्षांनी ग्रंथांची मोजून मोजून मालकी ठरवली गेली!

विद्यापीठ स्थापन होऊन दोनशे वर्षे उलटली तरी त्याला मध्यवर्ती ग्रंथालय नव्हते. ते १६३६ साली कापडबाजाराच्या वास्तूत सुरू झाले. विद्वानांनी मृत्युपत्राने दिलेले संग्रह हा त्याचा पाया होता आणि व्हालेरियस आंद्रेआस हे त्याचे पहिले ग्रंथपाल. १७९७ साली फ्रेंच राजवटीने विद्यापीठच बंद केले. ग्रंथांतील निवडक भाग पॅरिस आणि ब्रुसेल्सकडे गेला. १८१७ साली नेदरलँड्सच्या राजाने येथे सरकारी विद्यापीठ काढले, ते बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर १८३५ साली बंद झाले आणि त्याची जागा कॅथलिक विद्यापीठाने घेतली. राजवटी बदलल्या की ग्रंथांचे धनी बदलत, पण ग्रंथ टिकून राहात. विसाव्या शतकाने ही रीत मोडली.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने तटस्थ बेल्जियमवर चढाई केली. १९ ऑगस्टला ते ल्यूव्हेनमध्ये शिरले. २५ ऑगस्टच्या रात्री शहरात गोळीबाराचे आवाज झाले. नागरिकांनीच गोळ्या झाडल्या असे ठरवून सैन्याने सूड घेण्यास आरंभ केला. नागरिकांच्या संघटित हल्ल्याची ती कथा निराधार होती, असे पुढील संशोधनाने दाखवून दिले आहे. शहरातील २४८ नागरिक मारले गेले, सुमारे दीड हजारांना जर्मनीत नेण्यात आले, हजाराहून अधिक घरे जळाली. त्याच रात्री ग्रंथालयाला आग लावण्यात आली. सव्वादोन ते तीन लाख छापील ग्रंथ, सुमारे एक हजार हस्तलिखिते आणि छपाईच्या पहिल्या अर्धशतकातील शेकडो दुर्मिळ पुस्तके यांची राख झाली.

या राखेपेक्षाही विचार करावयास लावणारे काही पुढे घडले. ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील ९३ नामवंत विद्वानांनी आणि कलावंतांनी एक जाहीरनामा काढला. ल्यूव्हेनमध्ये आपल्या सैन्याने क्रौर्य केले हे खोटे आहे, असे त्यात ठासून सांगितले होते. सही करणाऱ्यांत रोंटगेन होते, प्लांक होते, हेकेल होते. ज्यांचे सारे आयुष्य ग्रंथालयात गेले, त्यांनी एका ग्रंथालयाच्या होळीवर पांघरूण घातले. विरोधी जाहीरनाम्यावर आइन्स्टाइन यांच्यासह हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्यांनीच सह्या केल्या. विद्वत्तेने माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे यावरून कळते.

परंतु विद्वानांकडे बोट दाखवून समाजवाद्यांना मोकळे होता येणार नाही. ज्या दिवशी जर्मन सैन्याने बेल्जियमची सीमा ओलांडली, त्याच ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन संसदेत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने युद्धखर्चाच्या बाजूने मते दिली. तो त्या काळचा जगातील सर्वांत बलाढ्य समाजवादी पक्ष. कार्ल लिबक्नेख्त यांनीही त्या दिवशी पक्षशिस्त म्हणून मत दिले; २ डिसेंबरला मात्र ते एकटे उभे राहिले आणि त्यांनी विरोधी मत नोंदवले. राष्ट्राच्या नावाने हाक आली की वर्गबंधुत्व कसे पातळ होते, याचा हा धडा समाजवादी चळवळीने स्वतःच्या रक्ताने लिहून ठेवला आहे.

युद्ध संपले. व्हर्सायच्या तहातील २४७ व्या कलमाने जर्मनीवर एक विशेष भार टाकला : जळालेल्या ग्रंथांच्या, हस्तलिखितांच्या आणि नकाशांच्या तोडीची, संख्येने व मोलाने तेवढीच सामग्री ल्यूव्हेन विद्यापीठाला द्यावी. हा झाला जेत्यांचा हुकूम. पण हुकुमाची वाट न पाहता, कोणाच्याही आज्ञेवाचून येणारी मदत त्यापूर्वीच सुरू झाली होती. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाने १९१४ च्या डिसेंबरातच ल्यूव्हेनसाठी पुस्तके जमविण्याचे काम हाती घेतले आणि अखेर ५५ हजारांहून अधिक ग्रंथ धाडले. जपाननेही हजारो ग्रंथ पाठविले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत टोकियोच्या विद्यापीठाचे स्वतःचे ग्रंथालय भस्मसात झाले होते. ज्याचे घर जळाले त्यानेच दुसऱ्याच्या जळालेल्या घरासाठी हात पुढे केला. आंतरराष्ट्रीय बंधुभाव हा शब्द सभांतून फार वापरला गेल्याने गुळगुळीत झाला आहे. त्याचा अर्थ पाहावयाचा असेल तर तो अशा पेट्यांत पाहावा.

नवी इमारत अमेरिकन देणग्यांतून झाली. १९२१ साली पायाचा दगड बसला, ४ जुलै १९२८ रोजी उद्घाटन झाले. देणाऱ्यांत विद्यापीठे होती, इंजिनिअरांच्या संस्था होत्या आणि शाळकरी मुलेही होती. देणगी देणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची नावे भिंतींच्या दगडांवर कोरलेली आहेत. वाद झाला तो एका लॅटिन ओळीवरून. ट्यूटनांच्या क्रोधाने हे नष्ट झाले, अमेरिकेच्या दानाने पुन्हा उभे राहिले, अशा अर्थाची ती ओळ वास्तुशिल्पी व्हिटनी वॉरन यांना दर्शनी कठड्यावर कोरावयाची होती. विद्यापीठाचे रेक्टर लादेझ यांनी ती नाकारली. ग्रंथालय सर्व देशांच्या अभ्यासकांचे. त्याच्या कपाळावर द्वेष कोरून ठेवू नये, ही त्यामागची भूमिका. रस्त्यावर दंगा झाला, वॉरन यांच्या बाजूच्या एका मुकादमाने ओळीवाचून बसविलेला कोरा कठडा फोडून टाकला, प्रकरण न्यायालयात गेले. तरीही कठडा कोराच राहिला. शहराचे दुःख खरे होते, राग खरा होता. पण खऱ्या रागालाही ग्रंथालयाच्या दारावर जागा देऊ नये, हे म्हणण्यास धैर्य लागते.

आणि मग मे १९४० उजाडला. १६ आणि १७ मेच्या दरम्यानच्या रात्री जर्मन आक्रमणात ग्रंथालय पुन्हा पेटले. या खेपेस सुमारे नऊ लाख ग्रंथ गेले. मँचेस्टरहून आलेले, अमेरिकेतून आलेले आणि जर्मनीने तहाप्रमाणे भरपाई म्हणून दिलेलेही गेले. जर्मन आक्रमणाने जर्मन भरपाईची राख केली. सक्तीच्या भरपाईने हिशेब पुरा होत असेल, वैर पुरे होत नाही, याला याहून बोलका पुरावा नको. युद्धानंतर वॉरन यांच्याच आराखड्यावरून इमारत पुन्हा बांधली गेली आणि पुन्हा जगभरातून पुस्तके आली.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, कारण तीत खलनायक उघड आहे. खरी कसोटी पुढे आहे.

बेल्जियममध्ये उत्तरेस डच बोलणारे फ्लेमिश लोक आणि दक्षिणेस फ्रेंच बोलणारे वालून लोक. संख्येने फ्लेमिश अधिक. पण १८३० साली स्वतंत्र झालेल्या या देशात राज्यकारभाराची, न्यायालयांची, सैन्यातील अधिकाऱ्यांची आणि उच्च शिक्षणाची भाषा दीर्घकाळ फ्रेंच होती. फ्लँडर्समधील वरचे वर्गही फ्रेंच बोलत. म्हणजे भाषेची रेघ ही केवळ दोन प्रांतांमधली रेघ नव्हती. ती फ्लेमिश समाजाच्या पोटातून गेलेली वर्गांची रेघ होती. शेतकरी आणि कामगार एका भाषेत बोलत, मालक आणि न्यायाधीश दुसऱ्या. गेंटचे विद्यापीठ पूर्णपणे डच भाषेत चालू लागायला १९३० साल उजाडावे लागले. मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६२-६३ च्या कायद्यांनी देशात भाषिक सीमा आखली. ल्यूव्हेन डच भागात आले, पण तेथील विद्यापीठात दोन विभाग होते, एक डच आणि एक फ्रेंच. फ्रेंच विभागाचा विस्तार होत राहिला, तर आपल्या शहरात आपणच पुन्हा परके होऊ, ही भीती फ्लेमिश विद्यार्थ्यांना वाटू लागली. १३ मे १९६६ रोजी बिशपांनी फर्मान काढले की विद्यापीठ ल्यूव्हेनमध्येच एकसंध राहील. चर्चा नाही, विचारविनिमय नाही. वरून आलेली आज्ञा. शहर पेटून उठले. जानेवारी १९६८ मध्ये फ्रेंच विभागाने विस्ताराची योजना जाहीर करताच आंदोलनाचा वणवा फ्लँडर्सभर पसरला आणि ७ फेब्रुवारीला पंतप्रधान व्हान्डेन बुइनान्ट्स यांचे सरकार कोसळले. पॅरिसचा प्रसिद्ध मे महिना यानंतरचा आहे.

या आंदोलनात दोन प्रवाह होते. पहिला 'वालून, चालते व्हा' असे म्हणत होता. विद्यार्थी नेते पॉल गूसेन्स यांच्यासारख्यांनी दुसरी घोषणा पुढे आणली : 'बूर्झ्वा, चालते व्हा'. आपला विरोध वालून खाणकामगाराच्या मुलाशी नाही. बिशपांच्या आणि धनिकांच्या सत्तेशी आहे, हा तिचा अर्थ. हा प्रवाह विजयी झाला असता तर विद्यापीठाच्या कारभाराचे, त्यात शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या प्रवेशाचे प्रश्न ऐरणीवर आले असते. तसे झाले नाही. राजकीय पक्षांनी आणि विद्यापीठाच्या चालकांनी सोपा मार्ग काढला : भाषेनुसार तुकडे करा. १९७० साली एका विद्यापीठाची कायद्याने दोन विद्यापीठे झाली. फ्रेंच विद्यापीठासाठी वालून मुलखात एक नवे शहरच वसविण्याचे ठरले. १९७१ च्या फेब्रुवारीत लूव्हँ-ला-नव्हचा पायाचा दगड बसला.

आता ग्रंथालयाचे काय करावयाचे? दोनदा जळून तिसऱ्यांदा उभा राहिलेला तो संग्रह कोणाचा? इमारत हलविता येत नव्हती, ती ल्यूव्हेनकडे राहिली. ग्रंथांबाबत वाटाघाटी झाल्या आणि अखेर जो तोडगा निघाला तो असा : साधारणपणे ज्या ग्रंथांचा मांडणी-क्रमांक विषम, ते ल्यूव्हेनमध्ये राहतील, ज्यांचा सम, ते लूव्हँ-ला-नव्हला जातील. एक इकडे, दोन तिकडे. तीन इकडे, चार तिकडे. ग्रंथ कोणत्या भाषेतला, कोणत्या विषयाचा, त्याची गरज कोणाला, कपाटात त्याच्याशेजारी कोणता ग्रंथ असल्याने त्याला अर्थ येतो, यांतले काही पाहावयाचे नव्हते. जपानने दिलेला संग्रह मात्र फुटला नाही. तो नव्या शहराकडे गेला.

या वाटणीच्या बाजूने बोलता येण्यासारखे नाही असे नाही. नव्या विद्यापीठाला ग्रंथ लागणारच होते. रिकाम्या कपाटांवर कोणी शिकत नाही. आधीच्या कित्येक दशकांच्या संशयानंतर कोणताही निवाडा पक्षपाती ठरला असता. निदान आकड्यांना जात नसते, भाषा नसते. शिवाय दोन्ही विद्यापीठांनी पुढे आपापले संग्रह पुन्हा वाढविले आणि आज दोघांत सहकार्यही आहे. २०२५ साली दोघांचीही सहाशे वर्षे भरली, कारण दोघांचाही जन्म एकच आहे. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. वाटणी करणाऱ्यांना अंकगणिताखेरीज दुसरा न्याय सुचू नये, इतका परस्परांवरचा विश्वास नाहीसा झाला होता. आग लागली तेव्हा जगाने हे ग्रंथालय सर्वांचे मानून पुस्तके धाडली. आग विझल्यावर घरच्यांनी ते आपापले मानून मोजून घेतले.

आपल्या खेड्यांत भाऊ वेगळे निघतात तेव्हा शेत वाटतात, गुरे वाटतात, तांब्या-भांडी वाटतात. विहीर मात्र कोणी मधोमध भिंत घालून वाटत नाही. पाण्याच्या पाळ्या ठरतात. मोटेवरून भांडणे होतात, पाळी चुकली म्हणून डोकी फुटतात, तरी विहीर एकच राहते. कारण अर्धी विहीर ही विहीरच नव्हे, हे अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्यालाही कळते. ग्रंथालय हे शेत नाही, ती विहीर आहे. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तळ्याचा हिस्सा मागण्यासाठी नव्हे. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे सांगण्यासाठी. ज्ञानाबाबत समाजवाद्याची मागणी हीच असली पाहिजे : हिस्सा नको, हक्क हवा.

ल्यूव्हेनच्या लोकांना हसण्याचा अधिकार या देशाला नाही. १९४७ च्या फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातील वस्तू साठास चाळीस या प्रमाणात दोन देशांत वाटल्या गेल्या. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेले काही हार तर मणी निम्मे निम्मे करून तोडण्यात आले. चार हजारांहून अधिक वर्षे मातीखाली अखंड राहिलेली वस्तू शहाण्या माणसांच्या समितीपुढे अखंड राहू शकली नाही.

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय या बाबतीत सुदैवी. पुणे, कर्नाटक आणि गुजरात ही विद्यापीठे १९४८-४९ च्या सुमारास मुंबईच्या कार्यक्षेत्रातून वेगळी निघाली, तरी राजाबाई टॉवरखालचा संग्रह सम-विषम झाला नाही. पण तेवढ्यावर समाधान मानून भागणार नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या ज्या पैशातून ते ग्रंथालय आणि तो मनोरा उभा राहिला, तो अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाच्या तेजीत मिळालेला पैसा होता. अमेरिकेतील गुलामांच्या मळ्यांवरचा कापूस बंद झाला म्हणून येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची भाषा मात्र त्या विद्यापीठात दुय्यम राहिली. वरच्या परीक्षांत देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना १९०१ साली निधन होईपर्यंत झगडावे लागले. ग्रंथालय न फोडताही लोकांना त्यापासून दूर ठेवता येते. दाराला कुलूप लावण्याची गरज नसते. आतली भाषा परकी असली की पुरते.

येथे भाषेच्या आंदोलनात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नीट भेद केला पाहिजे. फ्लेमिश विद्यार्थ्यांची मागणी न्याय्य होती. मातृभाषेत शिकण्याचा, न्याय मागण्याचा, राज्य चालविण्याचा हक्क हा लोकशाहीचा पाया आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समाजवादी याच भूमिकेवरून उतरले. डॉ. लोहियांनी इंग्रजी हटविण्याची हाक दिली, तीही मूठभरांची सत्ता हटविण्यासाठी. ज्ञानाची दारे बंद करण्यासाठी नव्हे. बर्लिनमध्ये जर्मन भाषा शिकून डॉक्टरेट मिळविणारा माणूस परभाषेचा द्वेष शिकवीत नव्हता. भाषेचा लढा वरच्या वर्गाच्या सत्तेविरुद्ध चालतो तोवर तो मुक्तीचा लढा असतो. तो शेजारच्या गरिबाविरुद्ध वळला की सत्ताधारी निश्चिंत होतात आणि वाटणीचे कागद घेऊन बसतात. हा न्याय वेळीच आणि मोकळेपणाने दिला गेला असता, तर ग्रंथांच्या पाठीवरचे आकडे मोजण्याची पाळी आली नसती. बिशपांच्या १९६६ च्या फर्मानाने एकसंधता राखली नाही. तिनेच फूट अटळ केली. नाकारलेला न्याय पुढे सूड होऊन येतो आणि सुडाला कोणते ग्रंथ कोणाच्या कामाचे, हे कळत नाही.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याखालचे गावचे ग्रंथालय कोण चालवितो, कोण तेथे बसू शकतो, दुपारी मजुरी करणाऱ्याला ते सायंकाळी उघडे सापडते काय, हे पाहणे हे पक्षकार्यच आहे. विद्यापीठांची ग्रंथालये जनतेच्या पैशावर चालतात. पदवी नसलेल्या जिज्ञासू शेतकऱ्याला आणि कामगाराला तेथे वाचावयास बसता आले पाहिजे, अशी मागणी केली पाहिजे. आणि जगातले ज्ञान मराठीत आणण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. भाषेचा अभिमान दुसऱ्याची पुस्तके बाहेर काढल्याने सिद्ध होत नाही. ती आपल्या भाषेत आणल्याने होतो.

ल्यूव्हेनचे विषम आणि लूव्हँ-ला-नव्हचे सम आकडे आजही त्या जुन्या पुस्तकांच्या पाठीवर आहेत. एकेका पुस्तकात काही कमी नाही. प्रत्येक पुस्तक पूर्ण आहे. अर्धे झाले ते त्यांना एकत्र ठेवणारे नाते. आगीतून ग्रंथालय वाचवावयास पाण्याचे बंब लागतात. वाटणीतून ते वाचवावयाचे असेल तर समाजात वेळेवर न्याय लागतो आणि तो मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे.